रिकामा डबा

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात बाई रिकाम्या हाताने रस्त्याला लागली की जो तो विचारतो, कुठे निघालीस. मला उत्तर देणं जमत नाही. म्हणून मी दुधाचा डबा घेऊन चालायला जायचे. डबा रिकामाच असायचा. दूध तर घरच्याच म्हशीचं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले होते. वजन उतरलं नाही तर खाली बसणं विसरा, म्हणाल्या. उन्हाळ्यात मी घरोघरी पापड लाटायला बसते. बायकांत मी फार बोलत नाही, पण त्यांच्यात बसायला मला आवडतं. तेच गेलं तर माझ्याकडे उरतं काय?

सासूबाई म्हणाल्या, दिवसभर राबते, आणखी कसला व्यायाम. तरी मी गेले. पण आल्यावर कडकडून भूक लागायची. एवढी चालले तर खाल्लं म्हणून काय झालं, असं म्हणत एक भाकरी जास्त घ्यायचे, वर तेल-चटणी. काटा हलला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रस्त्यावर घालवलेलं ताटात परत घेऊ नका. मग ती जास्तीची भाकरी सोडली, भाजी वाढवली, तेलाची धार बारीक केली.

यंदा शेजारच्या अक्कांकडे पापड होते. उडदाच्या पिठाचे छोटे गोळे, लाट्या, तेलात बुडवून लाटणारणींना खायला देतात. नको म्हटलं की घरच्या बाईला राग येतो. मी एक खाल्ली आणि ताटली पुढे सरकवली.

"आमन्या लाट्या कडू शेतस का?" अक्का म्हणाल्या.

"बारीक व्हईसन टीव्हीवर येनं शे तिले," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

माझे कान तापले. पण हात पुढे केला नाही. "कडू नहीत, अक्का. एकच बस शे."

पापड संपले. मागच्या वर्षी दोघींनी काखेत हात घालून मला उठवलं होतं, तेव्हाही हसल्या होत्या. यंदा मी दाराची चौकट धरली आणि उठले. कोणाला हात मागितला नाही.

त्या संध्याकाळी डबा ओट्यावरच पालथा ठेवला. पारावरच्या आबांनी, कुठे निघालीस, म्हणून हटकलंच.

"कथा चालनी व माय? डबा कोठे शे?"

"कथाच नही, आबा. फिराले चालनी."

आबा तंबाखू मळू लागले. मी गावाबाहेरच्या पाण्याच्या पाटापर्यंत गेले, दोन्ही हात हलवत.