पुढच्या धुरीचं उलटं सील

एक माणूस माझ्याशी मराठीत बोलला, म्हणून मी दुसऱ्याला बेड्या घातल्या. माझ्या नोकरीतल्या मूर्खपणांची यादी लांब आहे, पण या एका घटनेने आजही माझे कान तापतात. नातवंडांना मी चोर पकडल्याच्या गोष्टी सांगते. ही लपवून ठेवली होती.

तेव्हा मी बनारसच्या एका ठाण्यात नवी सब-इन्स्पेक्टर होते. वय पंचवीस, कमरेचा पट्टा दोन जादा भोकं पाडून आवळलेला, आणि रुबाब असा की जणू गंगा माझ्या परवानगीने वाहते. एका सकाळी ठाण्याची जीप उतारावर ब्रेक दाबताच उजवीकडे ओढली गेली आणि भिंतीवर आदळली. चालक हवालदाराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चाक उघडलं, तर पुढच्या डाव्या ब्रेकवर तेलच तेल.

दुपारी पोलीस वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री भेटायला आले. संकठा घाटाकडचे, आपल्यातले, म्हणजे बनारसच्या जुन्या मराठी घरांतले. आमच्याकडे मराठी ही उंबरठ्याच्या आतली भाषा, बाहेरचा सगळा कारभार हिंदीत. ठाण्यात कुणी ‘ताई’ म्हटलं की मला थेट रामघाटावरच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास यायचा.

“ताई, घरची म्हणून सांगतो,” ते कुजबुजले. “मागे क्लचसाठी जीप बाहेरच्या गॅरेजात दिली होती ना? त्या मिस्त्रीने पुढचं ऑइल सील चाकूने कापलंय. तुम्ही जुगाराचा अड्डा उठवलात, त्यांचा माणूस तो. माझं नाव कुठे नको हं.”

खबर मिळाली की आधी खातरजमा, हे प्रशिक्षणात शंभरदा घोकलेलं. पण खबरी मराठी! मी त्यांना चहा पाजला, वर ‘काका’ म्हटलं.

तासाभरात त्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला मी त्याच्याच गल्लीतून बेड्या घालून चालवत आणलं. गिऱ्हाईकं, शेजारी, पानवाला, सगळे बघत होते. माझी मान ताठ. आता वाटतं, मागून जाऊन त्या पोरीच्या टोपीवर एक टपली मारावी.

चौकशी सुरू झाली. कुणाच्या सांगण्यावरून कापलंस, मी दरडावलं.

“हमने क्लच बनाया, दरोगाजी. आगे का गोला छुआ तक नहीं.”

“तो तेल अपने आप आ गया?”

“खोलवा लीजिए. सील कटी मिले तो जेल भेजिए. पर पहले खोलवाइए तो!” मग त्याचा आवाज चढला. “बीस साल की दुकान है हमारी. कल से वहाँ कोई साइकिल तक नहीं लाएगा.”

मी तेल पाहिलं होतं, सील पाहिलंच नव्हतं. कापलेली वस्तू न बघता कापणारा पकडून बसले होते!

दुसऱ्या सकाळी पंच बोलावले आणि तिसऱ्याच गॅरेजच्या कारागिराकडून जीपची पुढची धुरी, म्हणजे चाकांचा आस, उघडवली. पुढच्या धुरीच्या मध्यावर गियरचा लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. त्यातून दोन्ही चाकांकडे दांडे जातात, आणि गोळ्यातलं तेल चाकाकडे वाहू नये म्हणून प्रत्येक दांड्याभोवती एक रबरी सील. सीलच्या एका बाजूला बारीक स्प्रिंग दिसते, ती बाजू तेलाकडे हवी. आमची चाकाकडे होती. रबरावर चाकूचा ओरखडाही नव्हता. काठ मात्र हातोडीने ठेचलेला, सील तिरकं बसलेलं.

मी वर्कशॉपची नोंदवही मागवली. क्लचच्या कामानंतर दोन दिवसांनी केलेली नोंद: ‘पुढचं डावं सील बदललं. गाडी चालवून पाहिली.’ खाली सही आमच्या काकांची.

“घाई होती हो ताई,” काका हसत म्हणाले. “आपल्या माणसाने आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचं असतं.”

हात चुकतो, हे मी समजू शकते. पण आपली चूक उचलून दुसऱ्याच्या मनगटात अडकवायची, आणि त्यासाठी माझ्या आईची भाषा वापरायची? मी सविस्तर अहवाल पाठवला. वरून उत्तर आलं, विभागाची बेअब्रू नको. काकांची नुसती बदली झाली. हवालदाराचं मोडलेलं हाड वरून आलेल्या कुठल्याच कागदावर नव्हतं. याची चीड अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

त्या केसनंतर खबर जितक्या गोड बोलीत आली, तितकी मी ती जास्त वेळ उन्हात वाळत घातली.

पण धुरी उघडली त्याच दिवशी गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या बेड्या मी स्वतः काढल्या. तो निघून जाईल असं वाटलं होतं. पण उघडी धुरी बघून त्याला राहवेना. बडबडत, शिव्या देत त्याने सीलची जागा पुसली, नव्या सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या कडेला, ग्रीस लावलं आणि स्प्रिंग तेलाकडे केली. सीलच्याच मापाची नळी वर धरून चहूबाजूंनी हलके ठोके देत ते सरळ आत बसवलं. दांडा दोन्ही हातांनी उचलून घातला, त्याच्या टोकाचे दाते रबराला घासू नयेत म्हणून. धुरीचं हवा जायचं भोकही चिखलाने बुजलं होतं, तेही तारेने मोकळं केलं. “साँस नहीं लेगा, तो तेल बाहर ठेलेगा ही,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी खालच्या आवाजात माफी मागितली आणि म्हटलं, चलिए, जीप से घर छोड़ देती हूँ. त्याने चिंधीला हात पुसले.

“जीप से नहीं, दरोगाजी. पैदल चलिए, वर्दी में, उसी गली से. और ज़रा धीरे चलिएगा. कल जिस-जिसने देखा है, आज भी देख ले.”