पेपरचा दिवस

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे तिथे काय चालतं हे घरी समजावून सांगणं माझ्याकडेच होतं, आणि ते मला कधी नीट जमलं नाही.

बाबा कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. कॉलनीतलं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्या शिफ्टवर चालायचं. त्यांची नाइट असली की दिवसा रेडिओ बंद, भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. आईचा वेळ स्टोव्हला बांधलेला. धाकटा भाऊ आठवीत, त्याचा वेळ शाळेला. घरात सैल असा वेळ फक्त माझा होता. केरोसीनच्या रांगेत उभं राहायला, गिरणीत जायला, पाहुण्यांना बसवर सोडायला मीच. "तुले काय, तुझं कॉलेजच तं आहे," असं आई म्हणायची. त्यात टोमणा नसायचा, म्हणून मीही पिशवी घेऊन निघायचे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा तास संपता संपता वेळेबद्दल सांगितलं. सगळंच करायला गेलं तर काहीच होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं काय ते ठरवा, घरच्यांना स्पष्ट सांगा आणि बाकीच्या बाबतीत हट्ट सोडा. हे माझ्यासाठीच सांगितलंय असं मला वाटलं. दोन-तीन दिवस मनात वाक्य जुळवलं आणि एका रात्री जेवताना बोलून टाकलं. पेपरच्या दिवशी मला कुठलंही काम सांगायचं नाही. बाकी दिवस सांगाल ते करीन.

बाबांना हे एकदम पटलं. "बराबर आहे," ते म्हणाले. "पेपर म्हंजे पेपर. त्या दिवशी पोरीले कोणी हात लावू देऊ नका कशाले."

आणि खरंच, त्या वर्षी पेपरच्या दिवशी आईने मला माझं ताटसुद्धा उचलू दिलं नाही. बाकीचे दिवस मी बोलल्याप्रमाणे देऊन टाकले. मामी बाळंतीण झाली तेव्हा पंधरवडाभर तिच्याकडे राहिले, तेवढे तास बुडाले. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट आपल्याला मोठ्या माणसांसारखं बोलता येतं याचा थोडा अभिमानच होता.

दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलची परीक्षा आली. पहिल्या वर्षी त्या दिवशी नेमकं काही काम निघालं नव्हतं. माझी बॅच अकराची होती. सकाळी मी वेणी घालत होते तेवढ्यात बाबांच्या शिफ्टमधले शेजारचे काका सायकल हातात धरून दारात आले. बाबांच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. बदली आल्याशिवाय बॉयलर सोडता येत नाही.

"तुमचे साहेब डबल ड्यूटी करून राहिले, वहिनी," काका हसत म्हणाले. "आता चार वाजताच येतीन."

आईने ताबडतोब कणीक घेतली. रात्रभर जागलेला माणूस उपाशी कसा राहणार? पोळ्या लाटता लाटताच ती मला म्हणाली, "डबा गेटवर देऊन ये, अन् तशीच जाय कॉलेजात."

पॉवर हाऊसचं गेट कॉलनीच्या एका टोकाला आणि शहराची बस दुसऱ्या टोकाला.

"आई, आज नाही होत. माझं प्रॅक्टिकल आहे."

"पेपर आहे?"

"पेपर नाही. पेपर पुढच्या महिन्यात. हे प्रॅक्टिकल."

"म्हंजे पेपर नाही ना?"

"पण ह्याचेही मार्क असतात वं आई."

"मार्क तं त्याच्या टेस्टलेही असतात," तिने भावाकडे बोट दाखवलं. "अन् नाही गेला तं मास्तर मारते त्याले. तुले कोणी मारते काय?"

भाऊ बुटाची नाडी बांधत होता. त्याचा चेहरा उजळला. "मी जातो ना डबा घेऊन. टेस्ट बुडली तं बुडली."

"तू गुपचूप शाळेत जाय!"

मी आणखी बोलायला हवं होतं असं आता वाटतं. पण काय बोलणार होते? पेपर म्हणजे सगळं आणि बाकी सगळं सोडायचं, हे घराला शिकवलं होतं मीच. आई ते मनापासून पाळत होती.

गेटवर चौकीदाराने आत फोन लावला. बाबा बऱ्याच वेळाने आले. डोळे लाल, खांद्यावर राख.

"काहून आणला वं?" ते म्हणाले. "डबलवाल्याले कॅन्टीनमधी जेवण भेटते ना. आताच खाऊन राहिलो होतो."

मी डबा तसाच धरून उभी राहिले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आवाज खाली आणला. "आईले नको सांगू. एवढ्या घाईनं केलं तिनं, वाईट वाटन तिले." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "कॉलेज आहे का आज?"

"आहे."

"मंग जाय लवकर. उशीर होईन."

बस गेली होती. पुढची तासाभराने आली आणि तीही कोळशाच्या ट्रकांच्या मागे रखडत गेली. मी पोचले तेव्हा लॅबमध्ये बर्नर पेटलेले होते आणि मैत्रिणी माना खाली घालून सॉल्ट ओळखत होत्या. केमिस्ट्रीचे तेच सर दारातच आडवे आले. परीक्षक बाहेरचे होते, त्यामुळे सरांच्या हातात काही नव्हतं.

"सर, वडिलांचा डबा द्यायचा होता."

"डबा? परीक्षेच्या दिवशी डबा?" ते म्हणाले. "काय आधी, काय नंतर, एवढं तरी कळायला पाहिजे होतं."

त्यांनी आम्हाला काय शिकवलं होतं ते त्यांच्या लक्षात नसावं. माझ्या शब्दन् शब्द लक्षात होता. मी अ‍ॅप्रन पिशवीत कोंबला आणि परतीच्या बसला बसले.

पेपर सगळे चांगले गेले. पण प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं, म्हणून वर्ष गेलं.

निकालाच्या संध्याकाळी बाबांनी सरळ विचारलं, "पेपरच्या दिवशी तं तुले कोणी काम सांगतलं नव्हतं ना?"

"नाही, बाबा."

"मंग कसं झालं असं?"

आई समोर बसून तांदूळ निवडत होती. त्या दिवशीच्या डब्याचं काढलं असतं तर बाबांनी कॅन्टीनमध्ये खाल्लं होतं हेही तिच्यापुढे निघालं असतं, आणि ते सांगू नको असं बाबांनीच म्हटलेलं. मी आईसमोरच्या तांदळातले खडे वेचायला लागले. त्यांनी मान हलवली. पोरगी हुशार नाही असं त्यांना वाटलं असेल, आणि तरी ते रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं.

माझ्याबरोबरच्या मुली तिसऱ्या वर्षाला गेल्या. कॉरिडॉरमध्ये भेटल्या की त्या फार प्रेमाने बोलायच्या, म्हणून मी दुसऱ्या जिन्याने जायला लागले. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या सकाळी मी आईला म्हटलं, "आज पेपर आहे."

तिने माझ्या हातातला झाडू काढून घेतला. "आधी काहून नाही सांगतलं वं? बस तिकडे, वाच." बाबा नाइट करून आले होते, तेही झोपायच्या आधी भावाला म्हणाले, "हल्लागुल्ला नको करू, तिचा पेपर आहे."

एवढं सोपं होतं ते. मी पुस्तक उघडून बसले, पण पहिली काही मिनिटं मला एक ओळ वाचता आली नाही.

त्या वेळी मी पास झाले. प्रॅक्टिकल म्हणजे काय ते घरी अजून कोणाला माहीत नाही. मीही आता सांगत नाही.