रोबोटच्या मयताचं पिठलं

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! तसा बदनापुरात हा किस्सा माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा न्हाई, पण तुम्ही पडले बाहेरगावचे. दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, थंड होऊन राह्यला.

तर मला एक वेड हाये. सायन्सचे पिक्चर. रोबोट, अंतराळयानं, परग्रहावरची माणसं, काळाच्या मागं जाणं, सगळं चालतं. माझं वय पन्नाशीच्या पुढं, नोकरी जालन्याला बियाण्याच्या गोदामात, जाणं-येणं रोज रेल्वेनं. अशा माणसानं एकतर भजनाला जावं, न्हाई तर राजकारणावर बोलावं, ही लोकांची अपेक्षा. अन् मी गाडीत शेजारच्याला इचारतो, अंतराळात हवाच न्हाई, तर यान फुटल्याचा धडाम आवाज येतो कुठून? तो माणूस पुढच्या टेसनला डबा बदलतो.

माझी मतं पक्की हायेत, बरं का. परग्रहावरचे लोक दरवेळी अमेरिकेतच का उतरतात? एवढ्या लांबून आले, तर जरा आमच्याकडं उतरून बघा की. आम्ही आधी पाणी दिलं असतं, मंग कोणाकडचे पाहुणे म्हणून इचारलं असतं. तिथं मात्र उतरल्या उतरल्या गोळीबार. अन् आपल्या हिंदीतला रोबोट? कारखान्यातून बाहेर पडला की आधी नाचतो. त्याला बनवणारा शास्त्रज्ञ काचेवर गणितं लिहितो. अरे, फळा घे ना बाबा, काच कशाला खराब करतो!

अन् हसू नका, पण मला खऱ्या नटांच्या पिक्चरपेक्षा कार्टूनचे पिक्चर जास्त खरे वाटतात. नट अंतराळात गेला तरी त्याचा भांग मोडत न्हाई. ग्रह फुटून राह्यलेला असतो अन् हा हिरोइनीकडं बघून राह्यलेला. कार्टूनमधल्या रोबोटला तोंडसुद्धा नसतं, डोळ्यांच्या जागी नुसते दोन दिवे. पण ते दिवे जरा मंद झाले की माझा जीव कासावीस होतो.

हे सगळं ऐकणारं एक माणूस होतं. आमची शोभा. तिनं असला एकबी पिक्चर शेवटपर्यंत बघितला न्हाई, अर्ध्यातच घोरायला लागायची. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी गोष्ट सांगायचो अन् ती म्हणायची, ‘मंग?’ बस, तेवढंच. पण त्या एका ‘मंग’वर मी अख्खा पिक्चर सांगायचो.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती गेली तेव्हा या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तेरावा झाला, सतरंज्या गुंडाळल्या अन् ज्याचा तो आपल्या घरी गेला. त्यांचं चुकलं असं न्हाई म्हणत मी, लोकांना कामं असतात. पण तेव्हापासून पिक्चर संपला की टीव्हीच्या काळ्या काचेत माझं एकट्याचं तोंड दिसतं, अन् ते मला बिलकुल बघवत न्हाई. लेक पुण्याला हाये. फोनवर सांगायला लागलो की म्हणते, पप्पा, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगता आला असता, तर त्यांनी दोन तासांचा काढला कशाला असता?

तर त्या रविवारी दुपारी मी एक कार्टूनचा पिक्चर बघितला. एका रोबोटचा. दूर कुठल्या तरी ग्रहावर खाण असते, तिथल्या मजुरांना रांधून घालणारा हा रोबोट. शेवटी तो बंद पडतो. कसा, ते सांगतो पुढं. मी इतका रडलो, इतका रडलो, की उशीचा अभ्रा पिळून घ्यावा लागला असता. अन् वाटलं, हे आता कोणाला तरी सांगितलंच पाहिजे. न्हाई सांगितलं तर छाती फुटंल.

आता आमच्याकडं फोनवर बॅनर बनवायची सोय सगळ्यांकडं असते. वाढदिवस, निवड, मयत, जे पाहिजे ते. मी श्रद्धांजलीचं काढलं. काळी पाटी, कोपऱ्यात समई. खाली लिहिलं, ‘आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबला, शेवटी एकटाच गेला. भावपूर्ण श्रद्धांजली.’ नाव मुद्दाम टाकलं न्हाई, फोटोबी न्हाई. का? तर कोणीतरी इचारावं, सुधाकरराव, कोण हो हे? मंग मी म्हणणार, अहो, पिक्चरातला रोबोट. मंग तो म्हणणार, अस्सं? कोणता पिक्चर? अन् दोन शब्द बोलणं होणार. स्टेटसला लावलं, फोन चार्जिंगला लावला अन् रडून दमलेला मी आडवा झालो.

तुम्हीच सांगा, असं स्टेटस बघून आपल्याकडं कोणी फोनवर इचारतं का, कोण गेलं म्हणून? मयताचं फोनवर इचारत न्हाईत. सरळ दारात जातात. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली न्हाई.

दिवस कलताना दार वाजलं. उघडलं, तर शेजारचे निवृत्तीनाना. मागं त्यांच्या कौसाकाकू, हातात झाकलेलं पातेलं अन् फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्यांच्या मागं गल्लीतली आणखी सात-आठ माणसं. कोणी एक शब्द बोललं न्हाई. चपला बाहेर काढल्या, माना खाली घातल्या, अन् भिंतीला टेकून बसले.

मी काय समजावं? नानांचे थोरले भाऊ हसनाबादला, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. मला वाटलं, गेले वाटतं. पण मंग हे लोक माझ्याकडं का आले? असंल बुवा, नानांना घरात बसवंना, म्हणून आणलं असंल. मीबी मान खाली घालून नानांसमोर बसलो. नाना माझ्याकडं बघून उसासा टाकायचे, मी नानांकडं बघून टाकायचो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्या खांद्यावर ठेवला. असं बराच वेळ चाललं.

शेवटी मी मनात म्हणालो, चहा तरी टाकावा, बिचाऱ्यांनी सकाळपासून काही घेतलं नसंल. आधण ठेवलं, तर मागून कौसाकाकू आल्या अन् गॅस बंद केला. म्हणाल्या, आज न्हाई पेटवायचा, आम्ही आणलंय सगळं. आता मला कोडं पडलं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत न्हाईत, शेजारपाजारचे पिठलं-भाकर आणतात, हे मला काय नवीन? पण मयत त्यांच्या घरचं, अन् गॅस माझा का बंद?

बाहेर येऊन मी हळूच नानांना म्हणालो, “कसं झालं हो, नाना?”

नाना म्हणाले, “तेच तुम्हाला इचारायला आलो.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टेटस! सांगूनच टाकणार होतो, आईशपथ, तोंड उघडलंबी होतं. तेवढ्यात नानांनी इचारलं, जवळचा होता का? अन् तोंडातून खरं तेच गेलं. म्हणालो, हो, लई जवळचा वाटत होता. काय करायचा? म्हणालो, खाणीवर स्वयंपाक करायचा. घरचं कोणी? म्हणालो, कोणीच न्हाई. ज्यांना रांधून घातलं, ते सगळे त्याला सोडून गेले.

अन् कौसाकाकूंनी पदर सावरला, पुढं सरकल्या अन् म्हणाल्या, “मंग?”

झालं. तीन वर्षांनी कोणीतरी मला ‘मंग’ म्हणालं होतं. आता मला आवरणार कोण?

मी सांगत सुटलो. खाण बंद पडली, मजूर रातोरात गेले, त्याला कोणी सांगितलंसुद्धा न्हाई. हा आपला रोज संध्याकाळी सगळ्यांची ताटं मांडायचा, एकेकाचं नाव घेऊन हाका मारायचा, कोणी आलं न्हाई की ताटं उचलून धुऊन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. टेसनजवळचे हॉटेलवाले मुनीरभाई थर्मास घेऊन आल्ते, ते चहा ओतायचं विसरले. मी सांगितलं, एकदा वाट चुकलेले लोक अंधारात येऊन राह्यले होते, त्यांना उतरायला जागा दिसंना. यानं आपली सगळी शक्ती खर्च केली अन् त्यांच्यासाठी दिवे लावले. ते सुखरूप उतरले, गरम जेवण जेवले, पण रांधलं कोणी हे कोणी इचारलं न्हाई. हा मागं कोपऱ्यात बसल्या जागी संपला.

घरात सगळे रडून राह्यले होते. अन् मी? तुमच्यापासून काय लपवायचं, मला इतकं बरं वाटत होतं! एकानंबी फोन काढला नव्हता. एकानंबी थोडक्यात सांगा म्हटलं न्हाई. वाटलं, राहू दे असंच. उद्या सांगू खरं. न्हाई तर परवा.

पण नाना उठून उभे राह्यले. नाना म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक मयताला पुढं असणारा माणूस. म्हणाले, मयत कुठं हाये? मी म्हणालो, तिथंच. कोणी उचललं न्हाई? म्हणालो, कोणाला माहीतच न्हाई तो गेला ते. नानांचा चेहरा लाल झाला. असा माणूस बेवारस पडून राहायचा अन् आपण इथं भाकरी खायच्या? ते न्हाई जमणार. आपण जाऊ, बराबर सगळं करू, माती आपल्या हातानं होईल. मुनीरभाईंनी फोन काढला, त्यांच्या मेहुण्याची जीप होती. “सुधाकरभाऊ, गाव का नाम बोलो. गाडी जल्दी निकलेगी.”

मी म्हणालो, गाडी तिथं जाणार न्हाई. नाना म्हणाले, रस्ता खराब हाये का? मी म्हणालो, रस्ताच न्हाई. नाना म्हणाले, तीर्थपुरीच्या शिवारात कुठं रस्ता होता, तरी आपण चिखलातून मयत आणलंच की. तोपर्यंत दोघं जण घरी जाऊन चादर अन् बॅटरी घेऊन आल्ते. जीपवाल्यानं गाडी काढलीबी होती.

मंग मात्र मी नानांचे हात धरले अन् म्हणालो, “नाना, तो पिक्चरातला हाये. रोबोट हाये. कार्टूनचा.”

मुनीरभाईंच्या फोनमधून जीपवाला हॅलो हॅलो करत होता, तेवढाच आवाज.

नाना म्हणाले, “मंग ते असं लिहिलं कशाला?”

मला खोटं सुचलंच न्हाई. म्हणालो, “एकट्यानं पिक्चर बघून बघून कंटाळलो, नाना. बघितल्यावर बोलायला कोणी न्हाई. मला वाटलं, कोणीतरी इचारंल.”

वाटलं, आता जोडा बसणार. बसला असता तरी मी काही बोललो नसतो. पण नाना खाली बसले अन् म्हणाले, “एवढं रडलो त्याच्यासाठी. निदान तोंड तरी दाखवा.”

अन् मंडळी, माझ्या घरात पिक्चर लागला! काकूंनी पिठलं वाढलं, सगळे टीव्हीसमोर मांडी घालून बसले. मला तर काय करू अन् काय नको झालं. पहिल्याच दृश्याला मी थांबवून सांगितलं की बघा, यानाला आवाज दिलेला न्हाई, याला म्हणतात अभ्यास. मंग सांगितलं की हे दिवे मंद होतात तिकडं नीट लक्ष द्या. मंग खऱ्या नटाला हे का जमत न्हाई, ते सांगितलं. परग्रहवाल्यांचं अमेरिकेचं प्रकरणबी सांगितलं. तीन वर्षांचं साठलेलं होतं हो, बांध फुटला.

काकू दोनदा नुसत्या माझ्याकडं बघून राह्यल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, भाऊ, भाकर खा बरं, म्हणजे तोंड जरा गुंतून राहील. मुनीरभाईंनी रिमोट माझ्या हातातून काढून आपल्या मांडीखाली ठेवला. नानांनी इचारलं, यांचाबी आवाज कमी करायचं बटण हाये का त्याच्यावर. मी तरी शेवटाला म्हणालोच, आता रडू येईल, तयार राहा. सगळे एकदम म्हणाले, गप!

पिक्चर संपला. सगळ्यांचे डोळे ओले. एकेक जण उठला, चपला घातल्या अन् बाहेर पडला. मयताच्या घरून निघताना येतो म्हणत न्हाईत, त्या सवयीनं कोणी येतो म्हटलं न्हाई. दारात उभा राहून मी ऐकत होतो. गल्लीभर त्यांची चर्चा चालली होती, मजुरांचं चुकलं का मालकाचं, यानं ताटं रोज मांडायला पाहिजे होती का न्हाई. आवाज लांब लांब गेला. मी आत आलो अन् ताटं धुवायला घेतली. लई एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण सकाळी गाडीच्या आधी मुनीरभाईंच्या हॉटेलात गेलो, तर काय सांगू! कालची सगळी मंडळी तिथं, अन् पिक्चरवर नुसती भांडणं चाललेली. नाना टेबलावर हात आपटून सांगत होते, रोबोटनं त्या लोकांना सांगायला पाहिजे होतं की जेवण मी केलं. मुनीरभाई म्हणत होते, सांगून खाऊ घालणं म्हणजे काय खाऊ घालणं? जालन्याला जाणारे लोकबी थांबून ऐकत होते. माझ्या आवडीच्या पिक्चरवर अख्खं हॉटेल बोलून राह्यलं होतं! हेच तर मागितलं होतं ना मी? डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मी खुर्ची ओढली, घसा साफ केला अन् म्हणालो, “माझं मत असं हाये की...”

नानांनी हात वर केला. “सुधाकरराव, तुम्ही यात पडू नका. आम्ही पिक्चर बघितलेला हाये. तुम्ही तं सगळा वेळ बोलतच होते.”