संध्याकाळच्या वाकड्या ओळी

ईशान, रेवा, गेल्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर रेवाने मला विचारलं होतं, "आजी, तू आम्हाला सारखा डोळा का मारतेस?" तुम्ही दोघं पोट धरून हसलात, मीही हसले आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर मी डोळा मारत नव्हते. एक डोळा मिटला नसता, तर मला स्क्रीनवर चार नातवंडं दिसली असती. त्या दिवशी दिलं नाही ते उत्तर आज लिहिते आहे. माझं मराठी अक्षर तुम्हाला जड जाईल, तेव्हा आईकडून वाचून घ्या.

सुरुवात देवघरातच झाली. संध्याकाळी निरांजन लावलं आणि एका वातीच्या दोन ज्योती दिसल्या, एक जरा वर, एक जरा तिरकी. चष्मा पुसला. तरी दोनच. सकाळी उठले तर सगळं जागच्या जागी. असं दोन-तीन आठवडे चाललं. मग एकदा दुपारी बाजारातून परतताना राउंडअबाउटच्या गोल चौकात उजवीकडून दोन लाल गाड्या येताना दिसल्या आणि त्यातली खरी कोणती हेच कळेना. मी तिथेच थांबून राहिले. मागच्याने हॉर्न वाजवला. इंग्लंडात, आणि त्यातून आमच्या मिल्टन कीन्समध्ये, हॉर्न वाजणं म्हणजे केवढा अपमान, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल! घरी आल्यावर गाडीची किल्ली कपाटात ठेवली, ती ठेवलीच. तेव्हापासून भाजीसुद्धा पायी, सायकलवाटेने.

मग तपासण्या सुरू झाल्या. चष्मेवाल्याने नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं, साखर ठीक निघाली. हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला, तोही स्वच्छ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांना काही सापडलं नाही. दुसऱ्या वेळी त्या फार मायेने म्हणाल्या, "तुम्ही एकट्या राहता. कधी कधी मनावरचा ताण असाही बाहेर येतो." तुमच्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून तू फार विचार करतेस. कशात तरी मन गुंतव ना." ती काळजीनेच बोलली. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नाही. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू माझाही माझ्यावर विश्वास राहिना. दिसतंय ते खरंच दिसतंय, की मी म्हातारी होऊन काहीबाही कल्पना करतेय? देवासमोर बसून मी बरं कर असं मागत नव्हते. एवढंच म्हणत होते, रामा, हे काय आहे ते मला सांग.

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. मी सात वर्षांची असताना माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मला दुहेरी रेघांची एक वही दिली आणि रोज एक पान 'श्रीराम' लिहायला सांगितलं. अण्णा रेल्वेत नोकरीला होते. मनमाडला आमचं क्वार्टर होतं, मागच्या अंगणात कडुनिंब, आणि गाडी गेली की फडताळातले पेले किणकिणायचे. दर शनिवारी ते ऑफिसातून आणलेली लाल-निळी पेन्सिल घेऊन माझी वही तपासायचे. वाकड्या ओळीखाली लाल रेघ. "नाव देवाचं आहे, बाळ, ओळ सरळ हवी," म्हणायचे. मला इंग्रजी कॉन्व्हेंट शाळेत घातलं तेही त्यांनीच, आणि तिथल्या सिस्टरही वहीच्या बाबतीत त्यांच्याच वळणाच्या होत्या. लग्नानंतर तुमच्या आजोबांबरोबर इथे आले तेव्हा सुटकेसमध्ये तसल्या पाच वह्या होत्या. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये आजोबा ड्यूटीवर गेले की खिडकीशी हीटरला पाय लावून मी लिहीत बसायची. बाहेर सगळं करडं, आत कडुनिंबाची आठवण. रोज अर्धं पान सकाळी, अर्धं संध्याकाळी, समासात इंग्रजीत तारीख आणि ए.एम.-पी.एम.सह वेळ. इतकी वर्षं झाली, लाल पेन्सिल गेली, पण वाकड्या ओळीची भीती काही गेली नाही.

गेल्या हिवाळ्यातली वही मात्र पाहवत नव्हती. संध्याकाळच्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरत होत्या. मी ठरवलं होतं, ती वही बाद करायची आणि नवी घेऊन सगळं पुन्हा नीट लिहायचं. नवी वही आणूनही ठेवली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांची तिसरी अपॉइंटमेंट आली. मी नेहमी सकाळची पहिली वेळ मागून घेते, वेळेआधी अर्धा तास पोहोचते आणि डोळे मिटून माळ ओढत बसते. तुमची आई त्यावरून माझी थट्टा करते, ते तुम्हाला माहीत आहेच. या वेळी हॉस्पिटलातून फोन आला की सकाळची वेळ रद्द, दुपारी चारला या. माझी चिडचिड झाली. त्यात तिथे पोहोचल्यावर बॅगेत हात घातला तर माळ नाही. ती देवघरातल्या खुंटीवर राहिली होती. अख्ख्या आयुष्यात मी माळ विसरल्याचं मला आठवत नाही. बॅगेत ती वाकडी वही मात्र होती. डॉक्टरांना उशीर होत होता. मी वही काढून लिहायला लागले.

शेजारी एक इंग्रज बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, एका डोळ्यावर पट्टी. बराच वेळ त्या दुसऱ्या डोळ्याने माझ्या वहीत बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहिते.

"काय गुन्हा केलात हो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गात बडबड करणाऱ्याला मी अशीच एक ओळ शंभरदा लिहायला लावायची."

मला हसू आलं. म्हटलं, "ही शिक्षा नाही. हे देवाचं नाव आहे."

"मग तुमचा देव माझ्यापेक्षा कडक दिसतो," त्या म्हणाल्या. मग वही मागून घेतली, हातभर लांब धरली आणि पानं उलटायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शनिवारी अण्णांपुढे उभी राहायचे तशी मी सावरून बसले.

"अक्षराचं सोडा, आज माझे डोळे ठीक नाहीत," मी म्हटलं.

"हे आकडे म्हणजे वेळा ना? सकाळचं सगळं सरळ आहे. संध्याकाळच्या पहिल्या दोन ओळी सरळ, मग घसरतं. प्रत्येक पानावर असंच." त्या माझ्याकडे वळल्या. "आळशी पोर असेल ना, ते सकाळपासून वाकडं लिहितं. हे दमलेल्याचं अक्षर आहे, बाई. ही वही आत दाखवा. आणि तुमची डावी पापणी खाली आलीय, माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी वही उघडीच घेऊन आत गेले.

डॉक्टरांनी चार-पाच पानं शांतपणे पाहिली. मग पेन वर धरून मला त्याच्याकडे एकटक बघायला सांगितलं. मिनिटभरात पेनाची दोन पेनं झाली आणि पापणी आपोआप खाली आली. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून ती पुरचुंडी मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं ठेवली. काढली तर पापणी वर! त्या वही पुन्हा जवळ ओढत म्हणाल्या, "माफ करा. तुम्ही दर वेळी विश्रांती घेऊन येत होतात."

पुढे आणखी तपासण्या होऊन नाव नक्की झालं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि वापरता वापरता स्नायू दमतात. डोळे मिटून बसलं की थोडा वेळ पुन्हा ताजे होतात. म्हणजे सकाळची वेळ मागणारी, डोळे मिटून जप करणारी मीच माझा आजार दर वेळी झाकून ठेवत होते. आता दिवसातून ठरावीक वेळी गोळ्या घेते. पुष्कळ बरं आहे. तुम्ही दोघं आता बहुतेक वेळा दोनच दिसता.

मी बाहेर आले तेव्हा त्या बाई गेल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं. माळ मी विसरले की मला विसरायला लावलं, यावर मी वाद घालणार नाही. मी रामाकडे उत्तर मागत होते आणि उत्तर माझ्याच हाताने रोज संध्याकाळी लिहिलं जात होतं. मी ते बाद करायला निघाले होते, कारण ते नीटनेटकं नव्हतं. आयुष्यभर मी त्याच्यापुढे फक्त सरळ ओळी ठेवल्या. त्याने वाकड्या वाचल्या.

अण्णा आज असते तर पेन्सिल हातात घेऊन, लाल रेघ न ओढता थांबले असते, असं वाटतं.

नवी वही कोरीच आहे, ती रेवासाठी ठेवली आहे. तिला हवं ते लिहू दे. या पत्राची सुरुवात मी सकाळी केली होती, आता निरांजन लावायची वेळ झाली आहे. या शेवटच्या चार ओळी नक्कीच खाली घसरल्या असतील. त्या मी पुन्हा लिहिणार नाही. अशाच पाठवते.