दुसऱ्या शनिवारी, बेहालाला

माझ्या बायकोला अ‍ॅस्पर्जर आहे हे आम्हाला लग्नानंतर तेविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही तिच्या ऑफिसातल्या एका जिन्यामुळे.

ती केंद्र सरकारच्या नोकरीत, नकाशांच्या कामात. तिची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मीही कंपनीला विनंती करून इथल्या शाखेत आलो. मुलगी पुण्यात होस्टेलला. आम्ही दोघांनी बागबाजारला एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पहिली दोन वर्षं छान गेली. मग तिच्या ऑफिसातल्या लहान लहान खोल्या पाडून एक मोठा हॉल केला. चाळीस माणसं, चाळीस फोन, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला काहीतरी ओरडून सांगायचं असायचं. एके दुपारी ती जागेवरून उठली आणि जिन्यात जाऊन बसली. कानांवर हात, डोळे मिटलेले. दोन तास ती कोणाशी बोलली नाही. तिच्या साहेबांनी घाबरून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आवाज फार आहे."

रक्तदाब नीट, ईसीजी नीट. डॉक्टरांनी एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे पाच-सहा वेळा जाणं झालं, त्यात दोनदा मलाही बोलावलं. लहानपणापासूनच्या सवयी, मैत्रिणी, खाणंपिणं, कपडे असं सगळं त्या विचारत होत्या. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो, कारण माझ्याकडे तेवीस वर्षांचा साठा होता. नवा कपडा आणला की ही आधी मानेमागचं लेबल कापते. पाहुणे न सांगता आले तर आत जाऊन दार लावून पुस्तक वाचते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी गाणं म्हणून झाल्यावर हिला विचारलं, "कसं झालं?" तर ही म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात सूर सुटला. शेवटी सापडला." मला वाटलं डॉक्टरबाई हसतील. त्या खाली मान घालून लिहून घेत होत्या.

शेवटच्या भेटीत त्यांनी तो शब्द सांगितला. हल्ली हे नाव वेगळं वापरत नाहीत, ऑटिझममध्येच धरतात, हेही सांगितलं. बायकोने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी उद्धट नाही?"

"तो प्रश्न वेगळा," बाई म्हणाल्या. "कधीकधी उद्धटही असाल. सगळीच माणसं असतात."

यावर बायको खळखळून हसली. टॅक्सीतून घरी येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिसरीत बाई मला सगळ्यांपासून लांब बसवायच्या. मला वाटायचं माझ्या अंगाला वास येतो." मग जरा वेळाने, "किती साबण संपवले मी!" आणि पुन्हा हसली. पुढच्या पंधरवड्यात तिने ऑफिसला अर्ज करून कपाटांच्या मागची कोपऱ्यातली जागा मागून घेतली, कानांना लावायला जाड हेडफोन आणले, आणि तिच्यापुरता प्रश्न सुटला.

माझा सुरू झाला. इतकी वर्षं मी एका आशेवर होतो, की कधीतरी हिला न सांगता कळेल. मी गप्प बसलो तर ती विचारेल, काय झालं? मी दमून आलो तर ती पाठीवर हात ठेवेल. आज नाही तर उद्या, मुलगी मोठी झाल्यावर, बदली झाल्यावर. आता एका कागदावर लिहून आलं होतं की तो 'उद्या' कधी येणारच नाही. मी बायकोवर चिडलो नव्हतो. पण ऑफिसात बसल्या बसल्या मला भरून यायचं, आणि पन्नाशीच्या माणसाला भरून आलं तर लोक आधी छातीत दुखतंय का विचारतात.

सांगायचं कोणाला? साताऱ्याला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "काहीतरीच काय! केवढी हुशार आहे वहिनी." मग पुढे, "आणि तुझे भावोजी तरी कुठे बोलतात? तसंच असतं रे." मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मला बारावीपासून वाटत होतं. तुम्हाला आत्ता कळलं?" मराठी मंडळात तर बोलायची सोयच नव्हती. तिथे एकाला सांगितलं की आरती संपेपर्यंत सगळ्यांना कळतं.

शेवटी मी एकटाच त्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एक फोन नंबर दिला. बेहालाला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काही जण जमतात, ज्यांचा जोडीदार असा आहे ते. "जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "फक्त एक आहे. तिथे आजवर कोणी पुरुष गेलेला नाही."

बागबाजारहून बेहाला म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. आधी मेट्रो, मग शेअर ऑटो, मग मिठाईच्या दुकानांना विचारत विचारत चालणं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका गृहस्थांनी. "चपला डावीकडे, टोक भिंतीकडे," एवढं बोलून ते आत गेले. हे शिक्षिकाबाईंचे यजमान, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. बैठकीच्या खोलीत चार बायका होत्या आणि मला बघताच त्यांचं बोलणं थांबलं.

दीदींनी, म्हणजे त्या शिक्षिकाबाईंनी, माझी चौकशी केली. मी मराठी आहे आणि बागबाजारला राहतो हे ऐकून त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "बर्गी आले! आणि खंदकाच्या आत येऊन राहिले!" मराठा घोडेस्वारांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, तरी इथे 'बर्गी' म्हणून लहान मुलांना त्यांची भीती घालतात, आणि त्यांना अडवायला खणलेला खंदक आमच्या बागबाजारपासूनच सुरू व्हायचा. सगळ्या हसल्या. पण मग बराकपूरहून ट्रेनने येणारी एक नर्सबाई स्पष्ट म्हणाली, "दादा, राग मानू नका. इथे आम्ही नवऱ्यांबद्दल बोलतो. समोर पुरुष बसला तर मोकळं कसं बोलणार? आम्हाला आपसात ठरवू द्या."

मला गॅलरीत पाठवलं. तिथे दीदींचे यजमान एक जुना रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी माझं नाव, गाव, काही विचारलं नाही. रेडिओतला एकेक भाग दाखवून ते मला समजावत गेले. पाऊण तासाने दीदी दारात आल्या तेव्हा मला त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं, पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मी पाऊण तास स्वतःबद्दल विचार केला नव्हता.

"या आत," दीदी म्हणाल्या. "दोन अटी. नवऱ्यांची बाजू घ्यायची नाही. आणि पुढच्या वेळी येताना खायला काहीतरी घेऊन यायचं."

पुढच्या महिन्यात मी मोठ्या हौसेने साबुदाण्याची खिचडी करून नेली. डबा उघडल्यावर चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. नर्सबाईंनी काळजीने विचारलं, "कोणाला ताप आहे?" बंगाल्यांच्या घरी साबुदाणा आजारी माणसाला देतात, हे मला काय ठाऊक! तरीही त्यांनी दाण्याच्या कुटाचं कौतुक करत सगळी खिचडी संपवली, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो.

त्याच दिवशी मी आईची गोष्ट सांगितली. मोडक्या हिंदीत, मधे मधे इंग्रजीत. ती मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

माझी आई साताऱ्याला वारली तेव्हा बायको रडली नाही. माझ्याजवळ येऊन बसली नाही. मी ओसरीवर बसलो होतो आणि ती स्वयंपाकघरात फोन आणि वही घेऊन. कोण कुठल्या गाडीने येणार, कोणाला मधुमेह आहे, कोणाला जिना चढवत नाही, याच्या याद्या करत होती. तेरा दिवस तिचं तेच चाललं होतं. मामींनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "सून म्हणायची की मॅनेजर?" ते वाक्य मी नऊ वर्षं मनात ठेवलं. मामींवर नव्हे, बायकोवर राग धरून.

मग नर्सबाईंनी विचारलं, "दादा, त्या तेरा दिवसांत तुम्हाला एक तरी गोष्ट शोधावी लागली? एक तरी फोन करावा लागला?"

मी आठवून बघितलं. नव्हता करावा लागला. चहासुद्धा रोज सहाला आणि चारला माझ्या हातात आलेला होता, मी न मागता.

"माणूस गेल्यावर घरचे कसे कोसळतात ते मी रोज बघते," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या बायकोने तुम्हाला कोसळायला जागा करून दिली होती."

मला पटलं. पण खरं सांगायचं तर पूर्ण पटलं नाही. मी म्हटलं, "तरी ती पाच मिनिटं शेजारी बसायला हवी होती." दीदी लगेच म्हणाल्या, "हो, हवीच होती. दोन्ही खरं आहे. पण तुम्ही सांगितलंत का तिला, ये, बस म्हणून?"

"हे काय सांगायचं असतं?"

चौघी एकदम हसल्या. त्या खोलीतल्या प्रत्येकीने कधी ना कधी हाच प्रश्न विचारलेला होता म्हणे. मग त्यांनी माझ्याकडून वाक्य घोकून घेतलं. आडवळण नको, टोमणा नको, किती वेळ तेही सांगायचं. शाळेतल्या लहान मुलासारखं मी त्यांच्यासमोर चार वेळा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा दीदींनी मान डोलावली.

तीन आठवडे ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मग एका रविवारी संध्याकाळी, आईच्या एका मैत्रिणीचा फोन येऊन गेल्यावर, मी बायकोसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला आईची आठवण येतेय. वाईट वाटतंय. माझ्याजवळ दहा मिनिटं बस. काही बोलू नकोस, नुसती बस."

तिने पुस्तकात खूण ठेवली. "दहा मिनिटं. बरं." आणि येऊन माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. समोरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष होतं. दहा मिनिटं झाल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अजून हवीत का?"

"अजून पाच."

"बरं."

त्या पाच मिनिटांत मी रडलो, आणि मधेच मला हसूही येत होतं. तिने दोन्हीबद्दल काही विचारलं नाही. शेवटी उठताना म्हणाली, "हे सोपं होतं. आधी का नाही सांगितलंस?"

शनिवारी मी कुठे जातो हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पण त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा विचारलं, "तिथे माझ्या तक्रारी करतोस?"

"करतो. थोड्या."

"माझ्याही आहेत. मी कुठे करायच्या?" मला वाटलं ती गंमत करतेय, पण ती गंमत नव्हती. "मी तुला विचारते, काय झालं? तू म्हणतोस, काही नाही. म्हणून मी निघून जाते. मग तू दोन दिवस फुगून बसतोस. म्हणजे काहीतरी झालेलं असतं. मग 'काही नाही' का म्हणतोस? तेवीस वर्षं मी हे कोडं सोडवतेय."

मी ज्याची वाट बघत होतो, तो प्रश्न ती विचारत आलेली होती. उत्तर मीच चुकीचं देत होतो. नेहमीच नाही, पण बऱ्याचदा. पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी हे बेहालाला जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा तिथे नुकतीच यायला लागलेली एक नवी लग्न झालेली मुलगी आपल्या वहीत लिहून घेऊ लागली.

या हिवाळ्यात नर्सबाईंनी सगळ्यांना जोडीदारांसकट बराकपूरला जेवायला बोलावलं. बायकोने आधी किती माणसं, किती वाजेपर्यंत आणि बाहेर बसायला जागा आहे का, हे विचारून घेतलं, मग हो म्हणाली. सियालदाहून लोकलने गेलो. तिघींचे नवरे आलेच नव्हते. जेवण झाल्यावर सगळे नदीकाठी उन्हात बसले. दीदींचे यजमान आणि माझी बायको एका बाकावर, मधे दोन माणसांची जागा सोडून, तासभर नावा बघत होते. एक शब्द नाही. नंतर ती मला म्हणाली, "चांगले आहेत ते. काही विचारत नाहीत."

ती नवी मुलगी धीर करून बायकोजवळ गेली. "दीदी, मी नवऱ्याशी भांडण झाल्यावर बोलायला गेले की तो भिंतीसारखा गप्प होतो. मी काय करू?"

बायकोने बराच वेळ विचार केला. इतका, की मुलगी अवघडून माझ्याकडे बघायला लागली. मी हाताने 'थांब' म्हटलं.

"एका वेळी एकच प्रश्न विचार," बायको म्हणाली. "आणि उत्तर येईपर्यंत थांब. आम्ही उत्तर शोधत असतो. तेवढ्यात हा दुसरा प्रश्न विचारतो, मग पहिला हरवतो."

'हा' म्हणताना तिने माझ्याकडे बोट दाखवलं. नदीकाठच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. नवऱ्यांची बाजू घ्यायची नाही ही अट अजून लागू असल्यामुळे मी गप्प राहिलो.

परतीच्या लोकलमध्ये तिने हेडफोन लावले आणि डोळे मिटले. दमदम आल्यावर ते काढून म्हणाली, "मी दमलेय. पण आजचा दिवस चांगला होता. पुढच्या वेळी निम्मी माणसं असली तर आणखी चांगला होईल."

"एकूण नऊच होतो आपण."

तिने हिशेब केला. "मग साडेचार," ती म्हणाली, आणि मी हसतोय हे बघून, जरा उशिराने, तीही हसायला लागली.