बाप्पाच्या दिव्याची वायर

सिद्धेश वाळिंबेला पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळींत मात्र त्याचं नाव होतं ते गाडीत स्टिरिओ बसवणारा म्हणून. कॉलेजच्या सुट्ट्यांत सांगलीला मामाच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तो हे काम शिकला होता. इथे कोणी जुनी गाडी घेतली, की शनिवारी त्याला फोन जायचा. काम संपल्यावर चहा घेताना तो हमखास म्हणायचा, "परत उघडायची वेळ आली तर नाव बदलेन."

२००३च्या डिसेंबरात त्याने निमिष या मित्राच्या गाडीचं काम केलं. नवा स्टिरिओ, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर इवलासा लाल दिवा.

"आई म्हणालीय, बाप्पासमोर अंधार नको. गाडी बंद असली तरी दिवा चालू राहू दे, यार," निमिष म्हणाला.

म्हणून सिद्धेशने दिव्याची वायर किल्लीवर न ठेवता थेट बॅटरीला जोडली. अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी बारीक वायर खरं तर स्टिरिओकडून यायला हवी होती, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की तोही बंद. पण थंडीने बोटं वळत नव्हती, आणि आत निमिषची बायको विनीता भजी तळत होती. त्याने ती वायरही दिव्याच्या जोडातच पिळून टाकली. पुढच्या शनिवारी नीट करू. पुढच्या शनिवारी दुसऱ्याच कुणाची गाडी होती.

जानेवारीत निमिष कामासाठी मिलवॉकीला गेला. दोन दिवस गाडी बर्फात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी विनीताची फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा होती. पुण्यात तिने सहा वर्षं पेशंट पाहिले होते, इथे दोन वर्षं घरी बसून अभ्यास केला होता. तिने किल्ली फिरवली, गाडी चालू झाली नाही. आजूबाजूचे सगळे ऑफिसला गेलेले. टॅक्सी पाऊण तासाने आली. सेंटरवर पोचली तेव्हा उशीर झाला म्हणून तिला आत घेतलं नाही.

संध्याकाळी निमिष परतला आणि त्याने सिद्धेशला बोलावलं. सिद्धेशने आपल्या गाडीवरून केबल लावून इंजिन चालू केलं, थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं. किल्ली त्याच्या हातात होती. तरी सीटखाली अ‍ॅम्प्लिफायरचा हिरवा ठिपका पेटलेलाच होता. बंद गाडीतही तोच दोन दिवस बॅटरी खात राहिला होता.

"आतला लाइट चालू ठेवला असणार हिने," निमिष मागून म्हणाला. "दारं तरी नीट लावते का? हो ना रे?"

सिद्धेशने होकारार्थी मान हलवली. तेवढंच. मग "जरा चेक करतो" म्हणत, निमिषची पाठ वळल्यावर, जोड सोडवून वायर योग्य जागी लावली. पाच मिनिटांचं काम होतं.

विनीताने चहा आणून दिला. "तुम्हाला उगाच त्रास झाला," ती म्हणाली. "मला लाइट लावल्याचं आठवत नाही. पण असेलही. अभ्यासाच्या नादात हल्ली काही लक्षात राहत नाही."

त्या दिवशी सिद्धेश नाव बदलण्याचं वाक्य बोलला नाही.

मंडळाच्या हळदीकुंकवाला निमिषने ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. "डॉक्टरीण बाई गाडीचा लाइट विसरतात, पेशंटचा पाय विसरल्या तर?" लोक हसले. विनीताही हसली आणि हातातल्या तिळगुळाच्या पुडीची कागदी कड दुमडत राहिली. सिद्धेशला तिथे बसवेना. ती स्वयंपाकघरात गेली तसा तोही मागे गेला.

"वहिनी, लाइट नव्हता. माझी वायर चुकली होती. मी त्याच दिवशी पाहिलं होतं."

ती भांडी लावत होती. हात थांबले.

"त्याच दिवशी?"

"हो."

"मग मला कशाला सांगता?" ती हळूच म्हणाली. "बाहेर जाऊन सांगा. मी तीन आठवडे स्वतःला वेंधळी म्हणतेय."

बाहेर पंधरा-वीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांत त्याच्या हाताची वायर होती. सिद्धेश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने सांगितलं: वायर, बॅटरी, आणि गप्प राहिल्याचंही.

"अरे सोड यार," निमिष लगेच म्हणाला, "एक परीक्षाच तर. परत देईल."

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. विनीता दारात उभी होती.

"सव्वीस मार्चला आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सकाळी आठला. सिद्धेश, तुम्ही मला सोडायला या."

"येतो," तो म्हणाला. मान मात्र त्याला वर करता आली नाही.