तळाची दुमड

आमची आई शाळांचे गणवेश शिवायची. सुट्टीत बाकीची पोरं उन्हातान्हात हुंदडत असायची, तेव्हा आम्ही दोघे भाऊ तिच्या मशीनजवळ एकेका स्टुलावर उभे असायचो, अंगात भलत्याच कुणाचे कपडे. मोठी मापं माझ्यावर, लहान मापं धाकट्यावर. मी नऊ वर्षांचा, तो सात. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. पंखा बंद, कारण वाऱ्याने कापड हलतं. आपण हललो की टाचणी टोचायची. आई मुद्दाम टोचायची नाही, पण टोचली म्हणून हातही मागे घ्यायची नाही. "हललास ना? मग!" एवढंच. बारक्या रडला तर म्हणायची, "तोंड पूस आधी, कापडावर डाग पडेल."

मी तिच्याहून वरचढ होतो. ती दोरा ओवायला वळली की मी बारक्याच्या काखेत बोट घालायचो. तो हसायचा, हलायचा, टोचून घ्यायचा. माझी दुपार मजेत जायची.

आईची दुमड सगळ्या पेठेला माहीत होती. पँटच्या तळाशी ती दोन बोटं कापड आत दुमडून ठेवायची. पोरगं वाढलं की त्याची आई पँट घेऊन यायची. मग आमची आई ब्लेडने टाके उसवून दुमड सोडायची, इस्त्री फिरवायची, आणि पँट आणखी वर्षभर चालायची. दोनच बोटं, जास्त नाही. "जास्त ठेवली तर बोजड दिसतं. आणि माणूस येतोच की परत," असं तिचं म्हणणं.

बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिने एका दुपारी माझ्या अंगावर एक करडी पँट चढवली. मी खाली पाहिलं. दुमड चार बोटांची होती.

"कुणाची गं ही?"

"सरळ उभा राहा."

मी इतकाही बावळट नव्हतो. चार बोटं म्हणजे जो पोरगा लवकर परत येणार नाही त्याची. आणि आत्याचं पत्र मी मशीनच्या खणात चोरून वाचलं होतं. 'दोघांपैकी एकाला मला दे. मला मूल नाही, तुला दोघं झेपत नाहीत.' म्हणजे आईने ठरवलं होतं, आणि ठरला होतो मी. थोरला कळता आहे, सोसेल, बारक्याला मात्र सारखा दम लागतो, असा हिशेब तिने केला असेल. हे मला आज सुचतं. तेव्हा एकच कळलं, की मी तिला नको आहे.

पुढचे आठ दिवस मी बारक्याचे कान भरले. आत्याकडे पंखा कधी बंद करत नाहीत. आत्याकडे कुणी टोचत नाही. आत्याकडे सायकल आहे, लाल.

"मग तू का नाही जात, दादा?"

"तुझ्यासाठी सोडतोय."

त्याने माझ्या गळ्यात हात टाकले. मला काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

आत्या आली. खुर्चीत बसून घाम पुसत ती मला न्याहाळू लागली, भाजी निवडावी तशी. मी स्टुलावर, अंगात तीच पँट, आईचा शेवटचा हात चाललेला. "अंगाने बरा आहे," आत्या म्हणाली, "अभ्यासात कसा आहे?" आणि मी तिच्या डोळ्यांत बघत, उभ्या उभ्या, पँटमध्येच मुतलो.

"अगं बाई!" आत्या ताडकन उठली. "एवढा घोडा झालाय, आणि हे रोजचं आहे की काय?"

तेवढ्यात, मी पढवलं होतं तसा, बारक्या पाण्याचा पेला घेऊन आला. "आत्या, मी येऊ?"

आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी तीन-तीन तास जागचा न हलता उभा राहू शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती बोलली असती तर माझं सोंग तिथेच उघडं पडलं असतं. ती हूं की चूं बोलली नाही. मी त्याचाही राग आजवर धरून आहे.

तिने पँट धुतली. त्या उन्हात ती आत्याचं जेवण होईतो कडकडीत वाळली. मग कंबर आत घेतली, दुमड आणखी दोन बोटं वाढवली आणि बारक्याला स्टुलावर चढवलं. तो श्वास रोखून उभा.

"आई, बघ, हललो नाही."

"शहाणा आहेस," ती म्हणाली. असं ती आम्हाला कधी म्हणत नसे.

बसपर्यंत आई आली नाही. तिला संध्याकाळच्या आत बारा शर्ट द्यायचे होते, निदान ती तसं म्हणाली. तोंडात टाचण्या धरूनच तिने मला बजावलं, "त्याला नीट सांग. आखूड झाली की तळाचे टाके उसवायचे, आत कापड आहे. तिकडे कुणाला ठाऊक नसेल."

बारक्या खिडकीत बसला. त्याला वाटत होतं सुट्टीपुरतंच जायचंय. पँट आखूड होईल असं सांगितलं असतं, तर त्याने विचारलं असतं, कधी होईल? मग रडला असता, खाली उतरला असता, आणि आत्याने माझा हात धरला असता. मी गप्प बसलो. बस गेली. घरी येऊन आईला म्हणालो, "सांगितलं."

दोन वर्षांनी, पुन्हा उन्हाळ्यात, आत्या त्याला एका दिवसासाठी घेऊन आली. तो दारातच उभा राहिला. करडी पँट नडगीपर्यंत चढलेली, खाली काड्यांसारखे पाय. कंबर मात्र अजून ढिलीच होती.

"मामी, थोडं पाणी देता का?" तो आईला म्हणाला.

आत्या हसली. "मला आई म्हणतो आता. मग तू मामीच झालीस की!"

"हो, बरोबर आहे," आई म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

"शिवण मजबूत हो तुझी," आत्या मागून बोलतच होती. "फाटायचं नाव नाही, मग नवी कशाला घ्यायची? पण फारच आखूड शिवलीस बाई. शाळेत पोरं याला बगळा म्हणतात."

आईने पेला खाली ठेवला. बारक्याला हाताला धरून स्टुलावर उभं केलं. खाली बसून ब्लेडने एकेक टाका उसवला. सहा बोटं कापड खाली आलं, वरच्या विटलेल्या पँटला लागून कोरं करकरीत, आणि बरोबर त्याच्या घोट्यावर येऊन थांबलं.

तो वाकून बघत राहिला. "हे आतच होतं?"

"आतच होतं रे. दादाने सांगितलं नव्हतं तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, नुसतं आठवत असल्यासारखं.

"नाही," तो म्हणाला. "सायकलचं सांगितलं होतं. ती पण नव्हती."